डिस्क भरली तेव्हा मी ऐकत होते

नव्या व्हर्जनची मला तेव्हा भारी हाव होती. लोक पेपरात राशिभविष्य वाचतात, तशी मी प्रोग्रामसोबत येणारी ‘काय बदललं’ ही यादी वाचत असे. १९९९ साल. राहायला इंदापुरात आणि नोकरी बारामतीत, स्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. मुलांनी टायपिंग आणि तक्ते शिकावेत, एवढीच क्लासच्या मालकांची इच्छा. विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स हे माझं खूळ. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून ते मी कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर चढवलं होतं. मालक त्या कोपऱ्याकडे बघून नुसते मान हलवायचे.

त्यातही माझा जीव अडकलेला आवाजाच्या प्रोग्राममध्ये. जगाच्या कुठल्या कुठल्या टोकाला बसलेली माणसं आपली नोकरी सांभाळून ते लिहीत, कोणालाही फुकट देत, वर आतली सगळी मांडणी उघडी ठेवत. बारामतीत इंटरनेट म्हणजे पुण्याला फोन लावून, तो लागला तर. म्हणून पुण्याच्या एका कॉलेजात काम करणारी माझी मैत्रीण नवं काही आलं की फ्लॉप्यांवर उतरवायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि बारामती गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. निम्म्या वेळा फ्लॉपी वाचलीच जायची नाही. त्या दिवशी मुलांची माझ्या हातून धडगत नसायची.

त्या मार्चमध्ये तीन फ्लॉप्या आल्या आणि तिन्ही धड निघाल्या. रेकॉर्डिंगच्या एका प्रोग्रामचं नवं व्हर्जन होतं. आधीचं व्हर्जन आवाज मेमरीत धरून ठेवायचं, चारपाच मिनिटांत मेमरी संपायची. नवं व्हर्जन आवाज थेट डिस्कवर लिहीत जाणार होतं. जागा असेल तोवर, न थांबता. व्हर्जनचा आकडा अजून एकच्याही खाली होता. स्वतःचा भरवसा वाटेपर्यंत ती माणसं ‘एक’ म्हणत नाहीत. आणि यादीच्या तळाशी लिहिलं होतं, ‘महत्त्वाच्या कामासाठी अजून वापरू नका.’ ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

शेळगावच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई माझ्याच गाडीत असायच्या. आमची ओळख जागा धरण्यापुरती. एके दिवशी त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरात आवाज किती वेळ भरता येतो हो?”

त्यांच्या वडिलांच्या, आबांच्या, स्वरयंत्राला गाठ निघाली होती. गुरुवारी पुण्याला ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार, त्यानंतर आबा बोलणार नव्हते. घराणं धनगरांचं. मेंढरं आजोबांच्या वेळीच गेली, आता शेती आणि नोकऱ्या. पण सुंबरान आबांकडे राहिलं होतं. देवाचं स्मरण करून ओव्या मांडायच्या, त्यात देवाची कथा सांगायची आणि शेवटी घरादाराचं नाव घेऊन देवाकडे मागणं मागायचं. त्यांच्या घरची रीत अशी की एकदा सुंबरान मांडलं की ते शेवटाला नेल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मधे तोडायचं नाही आणि तुकडा म्हणून तर गायचंच नाही.

“कॅसेटवर केलं नाही का कधी?” मी विचारलं.

“केलं होतं. कॅसेट उलटवायच्या नादात मधला भाग गेला. आबांनी ऐकलं आणि म्हणाले, माजं सुंबरान मोडलंस. दोन दिवस जेवले नाहीत नीट.”

मी छाती काढून सांगितलं, “माझ्याकडे उलटवायचं काही नाही. अखंड जाईल.”

रविवारी क्लास बंद असे. मालकांकडून किल्ली घेऊन मी सकाळीच गेले. पंखा आवाज करतो म्हणून बंद केला, खिडक्या लावल्या, वर चादर अडकवली. दहा वाजता बाई आबांना घेऊन आल्या. जिना चढून आबांना धाप लागली होती. उंच, वाळका माणूस, खांद्यावर घोंगडी. आवाज घोगरा झाला होता. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं आणि गेले आठ दिवस त्यांनी खरोखरच तोंड उघडलं नव्हतं. आवाज आजच्यासाठी साठवून ठेवला होता.

कॉम्प्युटरकडे बघून ते म्हणाले, “पोरी, ह्ये मधीच बंद पडायचं न्हाय न्हवं?”

“नाही आबा.”

“एकदाच हुईल माज्याच्यानं. दुसऱ्यांदा न्हाय व्हायचं.”

त्या कॉम्प्युटरच्या डिस्कचे मी दोन भाग केले होते. लहान भागात लिनक्सची सगळी यंत्रणा. मोठा भाग आजच्या रेकॉर्डिंगसाठी मोकळा केलेला. आवाज कुठे लिहायचा ते प्रोग्रामला आधी सांगावं लागे. नाही सांगितलं तर तो आपला लहान भागात लिहायला लागे. मी ठरवलं होतं, आधी आवाजाची पातळी बघू, मग जागा सांगू आणि मग खरं काम. म्हणून मी बटण दाबलं आणि घोड्यावर बसल्यासारखी म्हणाले, “आबा, जरा थोडं गाऊन दाखवा. नुसता आवाज बघते.”

थोडं. ज्या घरात थोडं गातच नाहीत, त्या घरातल्या माणसाला मी थोडं गा म्हणाले.

आबांनी घोंगडी सारखी केली, कानावर हात ठेवला आणि सुंबरान मांडलं. मागे सूर धरणारे त्यांचे चुलतभाऊ वारले होते, म्हणून तो सूर बाईंनी धरला. मी हात वर केला, “आबा, एक मिनिट...” बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की माझा हात आपोआप खाली आला.

आता ते थांबणार नव्हते, आणि थांबवलं असतं तर परत होणार नव्हतं. मी लहान भागातली जागा बघितली. आवाजाला मिनिटाला पाच एमबीच्या वर लागत होते. अठ्ठावीस मिनिटं पुरेल एवढीच जागा होती. आणि चालू असताना लिहायची जागा बदलता येत नाही, हेही त्या यादीत लिहिलेलं होतं.

बाहेर स्टँडवर गाड्यांची घोषणा चालू होती. बंद खोलीत उकाडा भयंकर. मी कीबोर्ड मांडीवर घेतला, आवाज होऊ नये म्हणून एकेक बटण बोटाच्या पेरानं दाबत गेले आणि पुसायला लागले. आधी माहितीची पानं पुसली. मग खेळ. मग फॉन्ट. मग प्रोग्राम तयार करायची सगळी अवजारं, जी मी दोन महिने खपून बसवली होती. राहत्या घराचे वासे काढत होते म्हणा ना. कॉम्प्युटर एकदा बंद झाला की परत सुरू होणार नाही, हे कळत होतं. त्याचं काही वाटत नव्हतं. भीती एवढीच होती की घाईत भलतंच पुसलं जाईल आणि आबांच्या तोंडातली ओवी तिथेच कापली जाईल.

शेवटी हिशेब केला. एक्केचाळीस मिनिटं. बाई म्हणाल्या होत्या, अर्ध्या तासाचं असतं, फार तर पस्तीस. म्हणजे सहा मिनिटं हाताशी होती. मी कीबोर्ड खाली ठेवला आणि पहिल्यांदा आबांकडे बघितलं.

आणि चुकले. तोवर मी आवाजाचा फक्त आकडा बघत होते. आता ऐकायला लागले. गळा फाटलेला होता, पण सूर जागेवर होता. कथेतला देव रानात एकटा उभा होता आणि आबा त्याच्यासाठी मेंढरं एकेक करून हाकारत होते. माझ्या घरात असलं काही गात नाहीत. आमच्याकडे देवच नाहीत. माझ्या आजोबांनी ते घरातून बाहेर नेऊन ठेवले, आणि मला त्याचा अभिमान आहे. तरी मी ऐकत बसले. पडद्यावर मिनिटं पुढे सरकत होती, एवढं मला पुरत होतं.

कथा संपली आणि मागणं सुरू झालं. आबांना ठाऊक होतं की हे शेवटचं. त्यांनी काही सोडलं नाही. वाडी, शिवार, विहीर, गेलेली माणसं, गेलेली मेंढरं, मुलगे, नातू. मग ते थांबले, इतका वेळ की मला वाटलं संपलं. आणि त्यांनी बाईंचं नाव घेतलं. मागचा सूर एकदम तुटला. बाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांच्यात लेकीचं नाव सुंबरानात घेत नाहीत, लेक दुसऱ्या घरची म्हणून. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा एवढंच दिसलं की आबा त्यांच्याकडे न बघता ते नाव पुन्हा एकदा गायले आणि मग त्यांनी हात जोडले.

मी बटण दाबून थांबवलं. पडद्यावर सत्तेचाळीस मिनिटं.

सत्तेचाळीस हा आकडा माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मी जागा बघितली. शून्य. एक्केचाळिसाव्या मिनिटाला डिस्क भरली होती. प्रोग्रामनं हूं की चूं केलं नव्हतं, नुसतं घड्याळ पुढे चालवत ठेवलं होतं. मी फाइल शेवटाला नेऊन कानाला हेडफोन लावला. मागणं नुकतंच सुरू होत होतं. विहिरीपर्यंत आलं आणि एका शब्दाच्या मध्यावर संपलं.

आबा जिन्याकडे निघाले होते. समाधानानं त्यांचा चेहरा उजळला होता. मी बाईंना दाराआड ओढलं आणि सांगितलं. खोटं बोलायचं मनात आलं नाही असं नाही. आलं होतं.

त्यांनी आबांच्या पाठीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “किती गेलं?”

“शेवटची सहा मिनिटं.”

“म्हंजी माझं नाव बी.”

एरवी शाळेतली मराठी बोलणारी बाई घरच्या बोलीत आली, तेव्हा मला लाजेनं मेल्यासारखं झालं. त्यांनी डोळे पुसले. “आबांना न्हाय सांगायचं. गुरुवार होऊन जाऊ द्या.”

कॉम्प्युटर बंद करायच्या आधी मी आवाज टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूत एक्केचाळीस मिनिटं अखंड मावली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर मजकूर सांगून प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला ईमेल पाठवायला लावला. बराच रागाचा मजकूर होता. तिनं तो सौम्य केला असणार. कारण सहा आठवड्यांनी पुढचं व्हर्जन आलं, त्याच्या यादीत एक ओळ होती, ‘डिस्क भरत आली की आता इशारा मिळतो. कळवणाऱ्या भारतातल्या व्यक्तीचे आभार.’ माझं खूळ जगाच्या यादीत पोचलं होतं. एरवी मी ती ओळ क्लासभर मिरवली असती. त्या दिवशी फ्लॉपी काढून टेबलावर आपटली.

जूनमध्ये बाईंनी शेळगावला, त्यांच्या माहेरी बोलावलं. आबा घरी आले होते, ऐकायचं म्हणून खुणा करत होते. मी टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन गेले. आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. गळ्याला पांढरं फडकं. शेजारी बाई. आबांना अजून सांगितलं नव्हतं.

“आता सांगू या,” मी कुजबुजले.

“वाजू द्या. माझं मी बघते.”

मी बटण दाबलं. एक्केचाळीस मिनिटं मी त्या कॅसेटचं फिरतं चाक बघत होते. आबा डोळे मिटून मांडीवर बोटांनी ठेका धरत होते. विहीर जवळ यायला लागली तसं मी बाईंकडे बघितलं. आणि ती आली. शब्द अर्धा तुटला. नुसती खरखर.

आबांनी डोळे उघडले. टेपरेकॉर्डरकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात हवेत तसाच राहिला. विचारायला त्यांच्याकडे आवाज नव्हता.

बाईंनी कानावर हात ठेवला आणि तुटलेला शब्द तिथून उचलला. बाया सुंबरान मांडत नाहीत. तो एक रविवार सोडला तर बाई आयुष्यभर आतल्या दारातून नुसत्या ऐकत आल्या होत्या. एक नाव चुकलं नाही. विहीर, गेलेली माणसं, मेंढरं, भाऊ, भाचे. आबांचा हात परत मांडीवर ठेका धरायला लागला. भाचे झाले आणि बाईंनी हात जोडले.

आबांचा ठेका थांबला नाही. बोटं मांडीवर पडतच राहिली. बाईंनी मान खाली घातली. आबांनी दुसरा हात पुढे केला आणि लेकीचे जोडलेले हात सोडवले.

मग तिनं स्वतःचं नाव घेतलं. पहिल्यांदा ऐकूही आलं नाही. दुसऱ्यांदा सुरात घेतलं.

तेव्हा आबांनी ठेका थांबवला.