सारेची शेजारीण

दौंडात बायबल वाचणारी माणसं पुष्कळ आहेत, पण बायबलमधल्या एका बाईशी शेजारधर्म पाळणारी बाई अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच: आमच्या शेजारच्या सिस्टर. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण नाव तेच चिकटलं. अब्राहामाची बायको सारा हिच्याविषयी त्या अशा बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं ती कालच यवतला माहेरी गेलीय. अब्राहामावर मात्र त्यांचा जुना राग. जिवाच्या भीतीनं त्यानं राजाला बायको ही बहीण म्हणून सांगितली, हे सांगताना त्यांचा आवाज असा चढतो, की तो बिचारा आमच्या गल्लीत आला असता तर चहाशिवाय परत गेला असता. एकदा आमच्या पाळकांनी अब्राहामाच्या विश्वासावर तासभर प्रवचन दिलं. देवानं नीघ म्हटलं आणि तो निघाला, वगैरे. सिस्टरांनी त्यांना चर्चच्या दारातच गाठलं आणि मग भांडीकुंडी कुणी बांधली, असं शांतपणे विचारलं. तेव्हापासून पाळकसाहेब अब्राहामाचं नाव घेण्याआधी सिस्टरांच्या बाकाकडं बघतात आणि सारेला सोबत घेऊनच पुढं जातात.

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. दवाखाने करून थकलो आणि मुलाचा विषय आम्ही मिटवून टाकला. मग चव्वेचाळिसाव्या वर्षी बायकोला दिवस गेले. आनंदापेक्षा तिला लाजच जास्त वाटली. शिरूरला माहेरी कळवायचं नाही, असं तिनं मला बजावलं आणि दाराबाहेर पडणं बंद केलं. सिस्टरांनी ओळखलंच. त्या रोज बीपीचं यंत्र घेऊन येऊ लागल्या. लोक हसतील, असं म्हणून बायको एकदा त्यांच्यापुढं रडली.

"हसू दे की," सिस्टर म्हणाल्या. "नव्वदीत लेकरू व्हणार म्हणल्यावर सारा सोताच हसली व्हती. लेकराचं नाव इसहाक ठिवलं, म्हंजी हसणंच."

त्याच दुपारी बायकोनं शिरूरला फोन लावला.

मुलगी झाली. बाळंतपण सिस्टरांनीच केलं. पोरीला तेल लावतानाही सारेच्या गोष्टी चालूच असत. एकदा पोरगी त्यांच्या मांडीवर असताना मी धीर करून विचारलं, की तुम्हीही देवाकडं मागितलं असेल ना? त्यांना मूलबाळ नाही. त्या पोरीला थोपटतच होत्या.

"मागितलं व्हतं. न्हाई दिलं," त्या म्हणाल्या. "सारेला तरी एकच दिलं. देवानं अब्राहामाला चांदण्यांएवढी लेकरं कबूल केली म्हणत्यात, ती तिनं कुठं बघितली? तरी आई तीच."

पोरगी झोपली होती. तिला उचलायला मी वाकलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"राहू दे जरा."

मी उंबऱ्यात बसून राहिलो.