मागांच्या खडखडाटात जुळवलेला ड्रमसेट

चांगदेव मूळचा दिघाशीचा, पण कामतघरला मजीदशेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात वीस वर्षं जॉबर होता. बिघडलेला माग चालू करून देणं हे त्याचं काम. वय बेचाळीस, उंची बेताची, हौस मात्र दांडगी. सुट्टीच्या दिवशी तो केसरीनाथदादांच्या बँजो पार्टीत खुळखुळा वाजवायचा. बँजो पार्टीत खुळखुळेवाल्याला कुत्रंही विचारत नाही. फोटोत तो निम्माच येतो आणि पंगतीत शेवटी बसतो. भाव असतो तो ड्रमवाल्याला.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर पार्टीचा ड्रमवाला नोकरीसाठी दुबईला निघून गेला. केसरीनाथदादा म्हणाले, "चांगदेव, सोताचा सेट आन. दिघाशीला मृणालीच्या हलदीत वाजवून दाखव. जमला तं जागा तुजी." मृणाली त्याच्या चुलतभावाची मुलगी. म्हणजे परीक्षा घरच्याच मांडवात होती.

तो आधी मुंबईला दुकानात गेला. किंमत ऐकून मुकाट बाहेर आला असता, पण हौसेनं क्षणभर स्टुलावर बसून पाहिलं, तर पाय पेडलपर्यंत धड पोचेना. दुकानदार हसला. हसणारा माणूस चांगदेवला सहन होत नाही. "मी माज्या मापाचा बनवीन," असं तो घरी येऊन बायकोला, विनिताला म्हणाला. ती म्हणाली, "बनवा. पन खोलीत जागा न्हाय."

म्हणून सेट कारखान्यातच बनवायचा ठरला. मजीदशेठनं भिंतीकडेचा एक कोपरा दिला. मोठा ड्रम म्हणून गोदामाबाहेर पडलेलं निळं प्लास्टिकचं पिंप कापलं. छोट्यांसाठी रंगाचे पत्र्याचे डबे. पेडलला जुन्या मागाची स्प्रिंग आणि चामडी पट्टा. नळ कापून स्टुलाची उंची त्यानं स्वतःच्या गुडघ्याच्या मापाची केली. पुढच्या ड्रमखाली झणझण यावी म्हणून, ताण्याचे धागे ज्या बारीक तारांतून ओवतात, त्या जुन्या तारा शेजारी शेजारी ताणून बसवल्या. हे त्याचं डोकं, आणि मला त्याचं कौतुक वाटतं, म्हणून सांगतो. झांज तेवढी एका ब्रास बँडवाल्याकडून तडा गेलेली मिळाली. तडा कापून ती लेथवर पुन्हा गोल केली. विकत घेतली ती फक्त ड्रमच्या तोंडावर ताणायची फायबरची पानं.

आता यातली गंमत अशी, की हे सगळं काम जेवणाच्या सुट्टीत चालायचं, आणि जेवायला कामगार पाळीपाळीनं जातात. माग कधीच थांबत नाहीत. चांगदेव पान ताणायचा, एक ठोका मारायचा, ऐकू नाही आला की आणखी ताणायचा. चाळीस माग धडधडत असताना जो ठोका कानाला लागेल तो बरोबर, असा हिशेब. कामगार भोवती उभे राहायचे, माना डोलवायचे. मजीदशेठनं एकदा लांबूनच अंगठा वर केला. पोरं हातवारे करून म्हणायची, अजून कडक हवा. दोन महिन्यांत सेट कडक झाला. इतक्या जणांनी पास केलेल्या वस्तूत खोट असेल असं कोणाला कशाला वाटेल? शुक्रवारी कारखाना बंद असतो, पण शुक्रवारी चांगदेव खुळखुळा घेऊन बाहेर असायचा.

हळद शुक्रवारीच होती. चार वाजता दिघाशीच्या मांडवात सेट लागला. चांगदेवनं नवा शर्ट घातला होता. बँजोनं सुरुवात केली आणि त्यानं पहिला ठोका मारला.

पुढच्या रांगेतलं एक तान्हं पोर किंचाळून उठलं. आक्का, म्हणजे नवरीची आजी, हळदीच्या वाटीसकट दोन्ही हात कानाशी घेऊन बसली. बँजो कुठल्या कुठे बुडाला. चांगदेवला मात्र ठोका बारीक वाटला. मांडव उघडा, आवाज पांगत असेल, असं समजून त्यानं जोर वाढवला.

पंधरा फुटांवर केसरीनाथदादा बँजोवाल्या भाविकच्या कानाला लागले. खडखडाटात वीस वर्षं काढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात, हे त्यांना माहीत नव्हतं. दादा म्हणत होते, "याला ऐकाला येत न्हाय. गाना संपला का उठव त्याला."

चांगदेवच्या काठ्या थांबल्या. खोकला, ताप, डोळे, सगळ्याची औषधं त्यानं घेतली होती, कानाचा विचार कधी मनात आला नव्हता. कारखान्यात सगळेच ओरडून बोलतात.

तो उठला, पण गेला नाही. त्यानं बायकांमधून विनिताला हाक मारली. "हितं उभी र्‍हा. तुला बरा लागंल तवा हात वर कर."

गाणं संपलं होतं. मांडवातले सगळे बघत होते आणि त्याला त्याची लाज वाटत होती, तरी तो पाना घेऊन बसला. पानं सैल केली. विनिताचा हात खालीच. मोठ्या पिंपात मांडवातली एक गोधडी कोंबली. हात खालीच. तारा निम्म्या काढल्या, डब्यांवर फडकी चिकटवली. प्रत्येक वेळी ठोका त्याच्यापासून थोडा लांब जात होता. शेवटी काठी पानावर पडताना फक्त दिसली, आणि विनिताचा हात वर गेला.

"नक्की?" त्यानं विचारलं.

"आता ग्वाड हाय."

मग तो वाजवायला लागला. ताल त्याच्या मनगटात होता, पायाला पेडलचा धक्का कळत होता, आणि चुकतोय का हे तो नाचणाऱ्यांच्या पावलांवरून पाहत होता. पावलं चुकली नाहीत. आक्कासुद्धा उठून दोन फेऱ्या नाचली. दोन तासांनी केसरीनाथदादा येऊन पाठीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, "पुडच्या शुक्करवारी कोन गावाला. टेम्पो सकाली येल."

जागा मिळाली. लोकांनी पाठ थोपटली. चांगदेव हसून सगळ्यांना चहा पाजत होता.

सेट बांधताना विनिता गोधडी काढू लागली, तर त्यानं तिचा हात धरला. "र्‍हाऊ दे. आता ती आतच र्‍हायाची."

"आवडला ना आवाज?" ती म्हणाली. "माना लय आवडला."

चांगदेवनं पिंपाच्या पानावर हात ठेवला.

"माना न्हाय आला गो ऐकाला," तो म्हणाला. "आन बनवला तं मी माज्यासाठीच व्हता."