पाठीमागचं गाव

आईचं माहेर समुद्राकाठचं, कोळ्यांचं. बंदर वाढवायचं म्हणून माझ्या जन्माआधीच ते गाव उठवलं आणि वर भराव टाकला. माणसं पांगली. गावाचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. नाशिकला आईचा सगळा संसार झाला, तरी तिचं पालुपद एकच, "आमचं दार एकदा बघायला मिळायला हवं होतं."

नव्वदच्या दशकात दादांनी, म्हणजे वडिलांनी, शहरातल्या एका प्रदर्शनातून एचिंग आणलं. एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र. होड्या, वाळत टाकलेली मासळी, देऊळ, कडेला जुना धक्का. खाली पेन्सिलीनं आईच्या गावाचं नाव. आई ओले हात घेऊनच धावत आली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"हा माझा गाव नाय. होडीतून येताना देऊळ डाव्या हाताला लागायचं. इथं उजवीकडे आहे."

"मग खाली नाव काय मी लिहिलं? डोकं फिरलंय तुझं."

दादांना आपलंच खरं करायची खोड होती. ओझरच्या कारखान्यातले त्यांचे मित्र घरी आले की चित्राकडे बोट दाखवून म्हणायचे, "आमच्या हिला स्वतःचं माहेर ओळखू येत नाही." सगळे पोहे खात हसायचे. मला दादांची चीड यायची. आई मात्र स्वतःवरच शंका घ्यायला लागली. "डावीकडेच होतं ना गं?" मला विचारायची. मी काय सांगणार, कपाळ!

अशी बरीच वर्षं गेली. मग शेजारी चित्रकलेचे एक मास्तर राहायला आले. चहा पिता पिता त्यांनी दादांचा तोच विनोद ऐकला, पण हसले नाहीत. "वहिनींचं बरोबर आहे. पत्र्यावर सरळ कोरलं की कागदावर उलटं उमटतं."

आईनं दादांचा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढला, चित्राकडे पाठ केली आणि आरशात पाहिलं. देऊळ डावीकडे. त्यामागे तिच्या माहेरचं घर, दार उघडं. ती हमसून हमसून रडली. त्यानंतर रोज दुपारी ती तशीच बसायची, गावाकडे पाठ करून.

शेवटच्या आजारपणात तिला आरसा पेलेना. खाट चित्राच्या भिंतीपासून थोडी पुढे ओढून दादाच तो तिच्यासमोर धरायचे. त्यांचे हातही आता थरथरायचे.

"अहो, नीट धरा," ती म्हणायची, "गाव हलतंय."

दादा दुसरा हात आरशाखाली द्यायचे.