पंक्चरवाल्याच्या टपातली कासवं

आठवीत शाळा सोडून मी बीडहून वाशिंदला कारखान्यात आलो, तेव्हा एका पंक्चरवाल्याने मला दुकानामागची खोली दिली. ओळख नाही, चौकशी नाही. ते उपकार मी विसरलेलो नाही, पण त्याच्यावरचा रागही अजून गेलेला नाही.

ट्यूब बुडवून भोक शोधायच्या टपात तो कासवं पाळायचा. लावणीच्या चिखलात कासव सापडलं की लोक त्याच्याकडेच आणून द्यायचे. तो हाताचं ग्रीस लुंगीला पुसायचा, कासव तळहातावर घ्यायचा आणि विरघळायचा. "हा लास्ट हां, आता बास," असं दर वेळी म्हणायचा. नदीतली कासवं दगडावर ऊन खात पडलेली मी रोज बघायचो. हा मात्र ऊन लागू नये म्हणून टपावर गोणपाट टाकायचा, आणि खायला नुसता भात. त्यांच्या पाठी पिकल्या पेरूसारख्या मऊ पडल्या. दोन मेली.

तरी एक दिवस डोळखांबचं एक गिऱ्हाईक आणखी एक घेऊन आलं, आणि याने हात पुढे केलाच.

मी ओरडलो, "शेठ, मारताय तुम्ही त्यांना! नदीत सोडा."

तो चिडला नाही. कासवाच्या पाठीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "दारात आलेल्याला नाय कसा बोलू रे? तुला बोललो का?"

'मला तुम्ही कोंडून नव्हतं ठेवलंत,' एवढं साधं उत्तर होतं. खोली जाईल या भीतीने मी ते गिळलं.

त्याने गोणपाट उचललं आणि कासव आत सोडलं.