जमनानं पसंत केलेलं इंजिन

फोन आला तेव्हा मी अंगणात मोहफुलं वाळू घालत होते. दिलीपचा, माझ्या मुलाचा आवाज, "आई, जमनाआत्या उठूनच नाही राहिली..." जेवून खाटेवर आडवी झाली होती, ती तशीच. मुर्रीला तिच्या घरी पोचले, तर रडू यायच्या आधी मला तिची नखं दिसली. काळं ग्रीस! सकाळी तिच्या जीपच्या इंजिनात हात घातला असणार बाईनं. आंघोळ घातली तरी ते काही निघालं नाही. कोणी ब्रश आणायला निघालं, मी म्हटलं, राहू द्या.

आता दीड महिना झाला. तिची आठवण काढली की मला हसूच आधी येतं, काय करू?

जमना माझी नणंद, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. लग्न केलं नाही, गावोगावच्या शाळांत मास्तरीण म्हणून राहिली, आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी डिझेल जीप घेऊन गाडी शिकली. रोवणीच्या दिवसांत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, बांधावर पोचवायची, बाया भरून सडक अर्जुनीला लग्नाला न्यायची, नाहीतर उगाच मला घेऊन इटियाडोह धरणाचं पाणी बघायला जायची. आणि दोन वर्षांमागं त्या जीपचं इंजिन कायमचं बंद पडलं, नेमकं पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली तेव्हा. आमचे हे, म्हणजे तिचा भाऊ, म्हणाले, "भंगारात दे आता. जिथं जाचं तिथं दिलीप नेईल तुले."

"दिलीप नेईल तवा जाचं, दिलीप म्हनल तवा वापस याचं," जमना म्हणाली. "मंग मी गाडी कायले शिकली?"

दुसऱ्याच दिवशी ती आरटीओत जाऊन सगळं विचारून आली. इंजिन बदलता येतं, पण आधी परवानगी, मग काम. नवीन इंजिनाचे कागद पाहिजेत, आणि त्याचा धूर जुन्यापेक्षा जास्त नको. तपासणीत नापास झाली की जीप संपली! मग आम्ही दोघी गोंदियाला सलीमभाई मिस्त्रीकडं गेलो. त्यांच्याकडं दोन इंजिनं होती. एक मोठं, दांडगं, स्वस्त. कागद नव्हते, पण "नंबर जमवून देणारा" एक माणूस सलीमभाईंच्या ओळखीचा होता. दुसरं जीपच्याच कंपनीचं, नव्या नियमाचं, तब्येतीनं किरकोळ, अपघातात चेपलेल्या गाडीत अजून बसलेलं. "दीदी, ये साफ है, लेकिन इसमें दम कम है," सलीमभाई म्हणाले. "और इसका दिमाग अलग से बिठाना पड़ेगा." म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, वायरिंग, धूर गाळायचा डबा, सगळं त्याच्यासोबत आणावं लागणार.

जमनानं दोन्ही चालू करायला लावली आणि पर्समधून पांढरा रुमाल काढून आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या धुरापुढं धरला. पहिल्याचा डाग तव्याच्या बुडासारखा, दुसऱ्याचा नुसता ओलसर. मला तर ते दांडगंच आवडलं होतं, काय आवाज होता! ती म्हणाली, "वहिनी, जू जुनं असंल त मस्तवाल बैल जुंपत नाही. आन् ज्याच्या घरान्याचा पत्ता नाही त्याले दारात नाही घेत."

सलीमभाई हसायला लागले. "दीदी, इंजन ले रही हो या दामाद?"

"दामाद त चार दिवस राहून जाते जी. हे राहनार हाय!"

परवानगी आली, इंजिन बसलं, तपासणीचा दिवस ठरला. आता माझा पराक्रम ऐका. घरात नवीन पाहुणा आला, तर ओवाळायला नको? जमना आंघोळीला गेली तशी मी बॉनेट उघडून त्या इंजिनाला नवरदेवासारखी तेल-हळद लावली. चांगली चोळून लावली. आरटीओत जाईपर्यंत ते तापलं, आणि साहेबांनी बॉनेट उघडलं तर आतून भसाभस पांढरा धूर! साहेब मागं सरकले. मला वाटलं, तिचं हिंडणं-फिरणं सगळं माझ्या दोन चमचे तेलानं बुडालं. जमनानं वाकून इंजिनावर बोट फिरवलं, ते पिवळं बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडं वळली.

"काऊन वहिनी, याले खोबरं नाही लावलं?" मग साहेबांना म्हणाली, "साहेब, हा धूर इंजिनाचा नाही, माह्या वहिनीच्या भक्तीचा हाय. तुमची नळी मांगच्या पाइपात घाला न बघा."

साहेबांना हसू आवरेना, पण नळी त्यांनी दोनदा घातली. दोन्ही वेळा पास. तिथंच तिनं मला मिठी मारली, हळदीच्या हातानं, माझ्या नव्या लुगड्याला.

पुढं दोन वर्षं ती त्या किरकोळ इंजिनावर हिंडली. चढ आला की ट्रकवाले हॉर्न मारून पुढं जायचे, ती हात हलवून त्यांना वाट द्यायची. "जाऊ दे त्यायले. आपलं कुठं लगन लागून राहिलं?"

तेरावं झाल्यावर दिलीप जीप आमच्या घरी आणायला बसला. हा सहा फुटांचा, ती पाच फूटही नव्हती. सीट पार पुढं ओढलेली, पाठीशी उशी. दिलीपचे गुडघे स्टेअरिंगला लागले. सीट मागं करायला त्यानं खाली हात घातला, दांडी चाचपली... आणि हात परत वर घेतला. बेडकासारखे पाय फाकवून त्यानं जीप घरापर्यंत आणली, आणि शेजारी बसून मी हसून हसून रडले. आता दर रविवारी तो मला घेऊन कुठंतरी जातो. उतरताना गुडघे चोळतो. सीट तिथंच आहे.