मिस ओडेसाचा लाल टाका

मिस ओडेसाला चेंडू हातात घेऊन पळायच्या त्या अमेरिकन फुटबॉलमधलं काय कळतं, असं कूसा बेंड गावात कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. कॉलेजच्या संघाचे कपडे धुणारी बाई ती, 'मिस' म्हणायचे ते मानाने. पण शनिवारच्या सामन्यानंतर मळक्या जर्सींचा ढीग नुसता उलटापालटा करून ती सांगायची, यंदा चषक येणार की नाही. बचाववाल्या पोरांच्या छातीवर माती असली, म्हणजे पोरं पुढे घुसताहेत. पाठीवर गवताचे हिरवे डाग दिसले, की समजा, समोरचे यांना उताणं पाडून खुशाल पलीकडे जाताहेत. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!

"गुण करणाऱ्यांचे फोटो छापून येतात," ती म्हणायची, "चषक आणतात ते अडवणारे. त्रेचाळीस वर्षं माती धुतेय मी, मला नका शिकवू."

सहासष्ट साली ती कामाला लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. संघात सगळी गोरी पोरं, शेतावरची, हाडकुळी. कायदा बदलला होता, पण तिच्यासारख्या काळ्या माणसासाठी गावातल्या खानावळीचं पुढचं दार अजून उघडलं नव्हतं. एका सामन्याआधी बचावफळीच्या कप्तानाची कॉलर फाटली. पांढरा दोरा संपलेला, म्हणून हिने आतून लाल दोऱ्याचा टाका घातला. त्या दिवशी समोरच्यांना भोपळासुद्धा फोडता आला नाही! सोमवारी बघते तर अकराच्या अकरा पोरं तिच्या धुलाईखोलीच्या खिडकीसमोर रांगेत उभी, कॉलरी उलट्या करून. त्या वर्षी चषक आला. तेव्हापासून कूसा बेंडचा रिवाजच पडला. सामना निरंक गेला तर अकरा जणांना एकेक लाल टाका, समोरच्यांचा एक जरी गुण झाला तर कुणालाच नाही. आणि नवी जर्सी मिळाली, की कॉलर पुन्हा कोरी.

हा टाका तिला एकदाच जड गेला. चौऱ्याऐंशी साली तिचा स्वतःचा मुलगा क्लीव्हन बचावफळीत होता. वाऱ्यासारखी पळणारी पोरं होती ती, आणि चेंडू असेल तिथे सगळ्यात आधी क्लीव्हन. अंतिम सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत त्याचा पाय घसरला आणि समोरच्याने चेंडू घेऊन रेष ओलांडली, सात गुण गेले. कूसा बेंड जिंकलं, तेरा विरुद्ध सात. क्लीव्हन नाचत खिडकीशी आला, "आई, आज तरी घाल. चषक आणलाय!"

"सात झाले, बाळा," ती म्हणाली.

तो गेला तो पुन्हा त्या खिडकीशी आलाच नाही. दर रविवारी जेवायला यायचा, मक्याचा पाव मिटक्या मारत खायचा, पण फुटबॉलचं नाव काढलं की उठून हात धुवायचा. पंचवीस वर्षं! तिच्या काळजात ते सलत होतं, नाही असं नाही. पण चूक केली असं तिला एक दिवसही वाटलं नाही.

आणि अशा बाईच्या पुढ्यात यंदा नवे प्रशिक्षक आले, हॅलोरन. दर सामन्यात पन्नास गुण करायची भाषा. लाल टाक्याची गोष्ट कुणीतरी कानावर घातली, तर यांनी काय करावं? अंतिम सामन्यासाठी कारखान्यातून साठ नव्या जर्सी शिवून आणल्या, प्रत्येकीच्या कॉलरीत मशीनने घातलेले दहा दहा लाल टाके. चेंडू कधी न अडवलेल्यांनाही तेच, आणि गावातल्या दुकानात विकायलाही तेच.

मिस ओडेसाने एक कॉलर उलटी केली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी कमावले, साहेब?"

"सगळ्यांनी. आपण सगळे एकच संघ, नाही का?"

"मग चषकपण कारखान्यातूनच मागवा की!"

हॅलोरन हसले नाहीत. "मिस ओडेसा, या जर्सींना हात लावलात तर सोमवारपासून कामावर येऊ नका."

दार बंद झालं तशी ती स्टूल ओढून बसली आणि बारीक कात्रीने टाके उसवायला लागली. माझ्या पोटच्या पोराला जे दिलं नाही, ते हे दुकानात टांगणार? बघतेच!

दुपारी बचावफळीचा कप्तान टायरेल मिम्स आला. दारातून तिरका होऊनच आत शिरावं लागेल असा धिप्पाड.

"मिस ओडेसा, नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. तू आधी कोपराची माती पुसून बस."

तो बसला. खिशातून सेफ्टी पिन काढली आणि एक जर्सी ओढून घेतली. थोड्या वेळाने बाकीचे दहाही आले, उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन. संध्याकाळपर्यंत साठच्या साठ कॉलरी कोऱ्या झाल्या.

शनिवारी अंतिम सामन्यात हॅलोरनसाहेबांचे पन्नास गुण कुठे गेले कोण जाणे, झाले दहा. पण बचावफळीने समोरच्यांना हलू दिलं नाही. चार मिनिटं उरली असताना, कर्म माझं, टायरेलचाच पाय घसरला. सात गुण गेले. मग चेंडू पुन्हा समोरच्यांकडे, रेषेपासून दोन पावलांवर, आणि ती ओलांडायला हातात चार प्रयत्न. मिस ओडेसा कुंपणाला धरून ओरडत होती, "छाती पुढे! छाती पुढे, पोरांनो!" पहिला प्रयत्न अडला. दुसरा, तिसरा अडला. चौथ्याला अकराच्या अकरा पोरं त्या एका माणसावर पडली, आणि चेंडू रेषेच्या वीतभर अलीकडे राहिला.

गाव मैदानात घुसलं. हॅलोरन गर्दीतून वाट काढत आले, टायरेलला पुढे घालून, कॅमेरेवाल्यांना मागे घेऊन. "मिस ओडेसा, झालं गेलं विसरा. घाला टाका! सोमवारी कामावरही या."

तिने टायरेलकडे पाहिलं. त्याची कॉलर चिखलाने भरलेली, डोळे भरलेले. गर्दीत थोडं मागे क्लीव्हन उभा दिसला, कानशिलं पिकलेला, पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा मैदानात आलेला.

"सात झाले, साहेब," ती म्हणाली.

"अहो, अजिंक्यपद आहे हे!"

"चषक तुमचा, मिरवा. टाका माझा आहे, तो नाही मिळायचा."

टायरेलने कॉलर नीट केली. "बरोबर आहे, साहेब. घसरलो मी. आम्हाला नकोच."

"मग सोमवारी येऊ नका," हॅलोरन म्हणाले, आणि गेले.

सोमवारी मिस ओडेसा खरंच गेली नाही. सकाळी अंगणात गाड्या वाजल्या म्हणून बाहेर आली, तर अकरा पोरं एकेक मळकी पिशवी घेऊन पायरीशी उभी.

"तुम्ही धुलाईखोलीत यायचं नाही असं साहेब म्हणालेत," टायरेल म्हणाला. "धुणं तुमच्याकडे न्यायचं नाही, असं काही बोलले नाहीत."

"शहाणे आहात! ओता इथे."

ढीग पडला. दहा जर्सींच्या छातीवर माती, टायरेलच्या छातीवरही होती, पण पाठीवर हिरवा डागही होता. "हा कशाचा रे?" असं म्हणत ती त्याचा कान धरणार, तेवढ्यात क्लीव्हन मागून आला. हातात घडी घातलेली एक जुनी जर्सी होती. त्याने तिची कॉलर उलटी करून टायरेलपुढे धरली. आत सात लाल टाके होते, आणि त्यांच्या पुढे एका टाक्याची जागा मोकळी होती.

"मीपण घसरलो होतो," क्लीव्हन म्हणाला.

मिस ओडेसाचा हात आपसूक खिशातल्या लाल दोऱ्याच्या रिळाकडे गेला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, घालून टाकावा एकदाचा.

क्लीव्हनने तिचा हात धरला. "नको, आई. ही जागा मी कमावलीय. राहू दे कोरी."