धावड्याचा ठोकळा आणि सोळा नट: वरोरा ते सिरोंचा

जीप दोन इंच उंच करायला खरा खर्च किती आला, हे लोक मला विचारतात. सामानाचे अकरा हजार, हे मी सगळ्यांना सांगतो. न सांगितलेला खर्च असा: चौदा रविवार, डाव्या अंगठ्याचं नख, पोर्चमधल्या तीन फरशा, मेहुण्याच्या घरचं एक बारसं आणि बायकोची नेलपॉलिशची अर्धी बाटली. पाठीचं बिल अजून यायचं आहे.

नेलपॉलिश कशाला, ते सांगतो. नट घट्ट आवळला की नट आणि बोल्ट दोघांवरून मिळून एक रेघ ओढायची. पुढे कधी नट ढिला होऊन फिरला, की रेघ जुळत नाही. वाकून बघितलं की कळतं. सुनंदाचा रंग गडद गुलाबी, चिखलातही दिसतो.

नव्या वाचकांसाठी ओळख. मी वरोऱ्यात मोटारपंप वाइंडिंगचं दुकान चालवतो. सुरुवात दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारून केली, आता माझ्या दुकानात दुसरे झाडू मारतात. वय छप्पन्न. पंचवीस वर्षांची जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली आणि तिच्यावर सगळं काम घरी, स्वतःच्या हातानं केलं. मागच्या एक्सेलवर लोखंडी पाइपचे ठोकळे बसवून स्प्रिंगचे पाटे वर उचलले, पुढे एकेक जादा पाटा टाकला. पाण्यात इंजिन गुदमरू नये म्हणून छतापर्यंत हवेचा पाइप नेला. पुढे विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायची दोरीची फिरकी. आणि मागच्या काचेवर स्टिकर करून घेतला: "या गाडीचा एकही नट परक्या हाताने आवळलेला नाही."

सुनंदाचं म्हणणं, पोर्चमध्ये उभी राहायला एवढी उंच गाडी कायले पाहिजे. तिनं गाडीला नागपूरचा एक गिऱ्हाईकही शोधून ठेवला होता. शेवटी तिची मोठी बहीण प्रभाताई, सिरोंच्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, ती निवृत्त व्हायची वेळ आली. सत्कार शनिवारी सकाळी. तेव्हा सुनंदानंच तोडगा काढला.

"तुमच्या गाडीनं जाऊ. जाऊन-येऊन आपल्या चाकांवर आली, तर राहू द्या तिले. कोनाच्या दोरीनं ओढत आली, तर नागपूरवाल्याले फोन मी लावन. मंजूर?"

मी मंजूर म्हणालो. सव्वापाचशे किलोमीटर होतं सगळं मिळून. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी कुठंच जायचं नव्हतं. चौदा रविवार जीपखाली झोपलेला माणूस पंधराव्या रविवारी पलंगावर झोपू पाहतो.

गुरुवार

सकाळी सहाला निघालो. जानेवारीचा शेवट, काचेवर दव. चंद्रपूरपर्यंत रस्ता चांगला, फक्त कोळशाच्या ट्रकांमागे खिडक्या बंद ठेवा. डिझेल चंद्रपुरातच टाकी भरून घ्या, पुढे पंप आहेत, पण रांग लावायची हौस कशाला. नाश्ता तर्री-पोहे, दोन प्लेट साठ रुपये, तर्री मागाल तितकी.

गोंडपिपरीला थांबायचं आधीच ठरलं होतं, आणि ते चहासाठी नव्हतं. नवीन पाटे बसवले की पहिल्या शंभर किलोमीटरला ते आपापल्या जागी दबतात आणि ते एक्सेलला बांधणाऱ्या यू-बोल्टचे नट, चाकागणिक चार, ढिले होतात. तेव्हा गाडीखाली जाऊन एकदा परत आवळावे लागतात. ही गोष्ट मी याच ब्लॉगवर मागे लिहिली आहे, ठळक अक्षरांत.

पण टपरीजवळ गाडी लावली आणि पाच-सहा जण जमले.

"भाऊ, हे नाक कायले लावलं?"

"पान्यात घालाले. इंजिनाले वरून श्वास भेटते."

"आन वरून पानी आलं त?"

हशा. मग मीही खुललो. विंच उघडून दाखवली. पाटे दाखवले. स्टिकर वाचून दाखवला. एक म्हातारा धोतराचा सोगा वर धरून चाकाजवळ बसला, बराच वेळ खाली पाहत राहिला आणि म्हणाला, "तुमीच आवळले सगळे?"

"सोळाच्या सोळा."

"मंग बरं हाय," तो म्हणाला आणि उठून गेला. त्याचं ते "बरं हाय" मला तेव्हा कौतुकाचं वाटलं.

अर्धा तास बोललो. पाना डिकीतून निघालाच नाही. सुनंदानं दोनदा घड्याळ दाखवलं, मी चहाचे पैसे दिले आणि निघालो.

वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टी. तिथून आलापल्लीपर्यंत लोहखनिजाचे ट्रक. झाडं, घरं, कुत्री, सगळ्यांवर लाल धूळ. ओव्हरटेकचा विचार सोडून द्या, मागेच राहा आणि तोंडाला रुमाल बांधा. आलापल्लीला मुक्काम. लॉज नऊशे, गरम पाणी बादलीनं, सांगितलं तर. जेवण भात, वरण, वांग्याची भाजी. मी जेवता जेवता पेंगलो. सुनंदा म्हणाली, "गाडी चालवून थकले का बोलून?"

शुक्रवार

आलापल्लीच्या पुढे सागवान सुरू होतं. उंच, सरळ, आणि यावेळी अर्धं पान गळलेलं. शेतं रिकामी, धानाचे पुंजणे रचून ठेवलेले. फोनला रेंज येते-जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या. रस्ता म्हणाल तर काही तुकडे नवे, आणि नव्यातून जुन्यात गाडी उतरते तेव्हा दात वाजतात.

रेपनपल्ली सोडल्यावर एक नाला लागला. दोन वर्षं मी ज्या पाण्याची वाट पाहिली, ते इथं असायला हवं होतं. घोट्याएवढं होतं. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चप्पल हातात धरून निघून गेली.

नाल्यापासून दोन किलोमीटरवर मागून धाडकन आवाज आला आणि गाडी तिरपी चालायला लागली. तोंड रस्त्याकडे, बूड जंगलाकडे. थांबवली. डावं मागचं चाक मडगार्डला टेकलेलं, रबराचा वास.

खाली गेलो आणि पडल्या पडल्याच सगळं समजलं. गुलाबी रेघा. नटावरची एकीकडे, बोल्टवरची दुसरीकडे. नट ढिले झाले, पाटे सरकले, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट कापला गेला, आणि माझा पाइपचा ठोकळा डब्यासारखा चेपला. एक्सेल चार बोटं मागे गेला होता. मी तसाच पडून राहिलो.

तेवढ्यात एक पिकअप थांबली. ड्रायव्हर सिरोंच्याकडचा, तेलुगू वळणाचं बोलणारा.

"अन्ना, दोरी हाय आपल्याकडे. जिमलगट्ट्यापर्यंत वढून सोडतो. पैसा नको."

फुकट, भला माणूस, आणि माझ्या गाडीचा शेवट. मी सुनंदाकडे पाहिलं. ती दगडावर बसली होती. तिला फक्त "हो" म्हणायचं होतं.

तिनं पिकअपवाल्याला विचारलं, "दादा, इथी जवळ गाव हाय का? लोखंडाचं काम करनारा कोनी?"

"लोखंडाचा नाय अक्का. बंडी बनवणारा हाय, मल्ला मडावी. हा काय, वळणावर."

"मंग तुमी जा. आमाले उशीर हाय, तुमाले कायले करा."

तो गेल्यावर मी म्हणालो, "जिंकली असतीस."

"ओढत नेलेल्या गाडीले नागपूरवाला अर्धा भाव देते," ती म्हणाली. "आन तुमी जलमभर तोंड पाडून बसान, ते माह्यासमोरच. चला."

मल्लाभाऊ साठीच्या आसपास. अंगणात बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, एक चाक आडवं पडलेलं, शेजारी तासणी. "सेवा जोहार" असा गोंडी नमस्कार केला, त्यांनी हात जोडले. सुनंदानंच सांगितलं काय झालं ते. ते आमच्यासोबत चालत आले, खाली वाकले, आणि चेपलेला ठोकळा बोटानं वाजवला.

"पोकळ काऊन टाकला?"

"हलका राहावा म्हणून."

"वरून गाडी हलकी हाय का?"

मी जॅक काढायला डिकीकडे गेलो.

अंगणाच्या कोपऱ्यात जुन्या बंडीचा आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, पडला होता, धावड्याचा. हे लाकूड इतकं चिवट, की बंडीचा सगळा भार त्यावरच चालतो. त्यातून त्यांनी माझ्या उजव्या ठोकळ्याच्या मापाचा तुकडा कापला. दोरीनं माप घेतलं, पट्टी नाही. सेंटर बोल्ट शेजाऱ्याच्या ट्रॅक्टर ट्रॉलीचा जुना मिळाला, तो हॅक्सॉनं कापून बेताचा केला. जॅक माझा, पहार त्यांची. दोघांनी मिळून एक्सेल पुढे रेटला. ठोकळा बसला, बोल्ट बसला. मी नट आवळायला पाना उचलला.

त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तुमी नाई."

"काऊन?"

"आमच्याकडे नव्या बंडीची पाचर मालक ठोकत नाई. दुसऱ्यानं ठोकाची. मालकाले आपली बंडी घट्टच वाटते."

मी हसलो. ते हसले नाहीत. चार नट त्यांनी स्वतः आवळले, मग म्हणाले, "नाल्यापर्यंत जाऊन या." जाऊन आलो. परत आवळले. प्रत्येक नट पाव फेरा फिरला, मी डोळ्यांनी पाहिलं. "परत जाऊन या." परत गेलो. तिसऱ्यांदा पाना जागचा हलला नाही, तेव्हा उठले. रेघा सुनंदानं ओढल्या.

"बाकीचे बारा?" त्यांनी विचारलं.

"ते मी करतो," मी म्हणालो. स्टिकर काचेवर होताच, आणि थोडं तरी माझं राहू द्यावं असं वाटलं. एकेक नट जोर लावून आवळला, गाडी न हलवता तिथल्या तिथं दुसऱ्यांदा आवळला. घाम निघाला. मल्लाभाऊ चाकाजवळ बसून पाहत होते.

पैसे द्यायला गेलो तर बोल्टपुरते घेतले, ते शेजाऱ्याला द्यायला. लाकडाचे, मजुरीचे नाही. मग नेलपॉलिशच्या बाटलीकडे बोट केलं.

"हे कामाचं हाय. बंडीच्या पाचरीवर रेघ मारता येईन."

सुनंदानं बाटली त्यांच्या हातात दिली. "घ्या भाऊ. मले हा रंग तसाही आवडत नवता."

दोन वर्षं तोच लावत होती.

सिरोंचा

संध्याकाळी पोचलो तेव्हा प्रभाताई दारात उभी होती. "जय भीम" म्हणून आधी बहिणीला जवळ घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे कोन, खानीतून आले का?"

शनिवारी शाळेत सत्कार झाला. भाषणं अर्धी मराठीत, अर्धी तेलुगूत, रडणं दोन्हीत. ताई रडली नाही, सुनंदा रडली. दुपारी गोदावरीचा मासा, मोठ्या पातेल्यातला भात आणि आंबट चिंचेचं कालवण. हे तुम्हाला खाणावळीतही मिळेल, दीडशेत पोटभर. संध्याकाळी नदीवर जा. प्राणहिता येऊन मिळते ती जागा बघायला माणसानं काही करावं लागत नाही, नुसतं बसायचं. मी बसलो, आणि मग उठवेना. विंचचा उपयोगही इथंच झाला. ताईनं तिची दोरी अंगणभर ओढून सगळ्यांची लुगडी वाळत घातली.

रविवार, आणि घर

परतीला मल्लाभाऊंच्या घरी थांबलो. ते बाजाराला गेले होते. अंगणातल्या नव्या चाकाच्या पाचरीवर गुलाबी रेघ होती. सुनंदानं तिकडे बोट दाखवलं, मी मान हलवली.

मग तोच रस्ता, तेच ट्रक, तीच धूळ. अंधार पडता पडता वरोऱ्यात शिरलो, आपल्या चाकांवर. सुनंदानं चप्पल काढायच्या आधी फोन लावला. "भाऊ, गाडी देत नाई. नाई, भाव बरोबर हाय. देत नाई, बस." मग आत जाऊन झोपली.

जायचं असेल तर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. हवेचा पाइप लागत नाही, विंच कपड्यांना लागते. नट शंभर किलोमीटरला तपासा, आणि टपरीवर कुणी गाडीबद्दल विचारलं तर आधी खाली जा, मग बोला. धावड्याचा ठोकळा काढून चांगला भरीव लोखंडी टाका, असं इथल्या मेकॅनिकनं सांगितलं. टाकीन. अजून हात गेला नाही.

दुसऱ्या रविवारी पाठ थोडी वाकवता यायला लागली तेव्हा पाना घेऊन जीपखाली गेलो. सोळाही नट तपासले. बारा पान्याखाली फिरले, काही पाव फेरा, काही अर्धा. चार जागचे हलले नाहीत.

ते चार मी आवळलेले नाहीत.